स्वस्ताई हा शब्द कोणाचा?

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझी पुतणी अकरावीपासून आमच्याकडे राहून शिकत होती आणि बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. एका रात्री जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून ती अर्थशास्त्रातली एक व्याख्या मोठ्याने घोकत होती : मागणीची लवचिकता. मराठीच्या मास्तराचे कान अशा वेळी उगीचच टवकारतात. ‘लवचीक’ हे विशेषण मी वर्गात भाषेला लावतो, शैलीला लावतो. मागणीला ते लावलेले ऐकून मी सहज विचारले, म्हणजे काय गं?

ती म्हणाली, किंमत बदलली की मागणी किती बदलते त्याचे प्रमाण. किंमत थोडी हलताच मागणी पुष्कळ हलली तर ती जास्त लवचीक. किंमत कितीही हलली आणि मागणी जागची फारशी सरकली नाही तर ती कमी लवचीक. उदाहरणार्थ मीठ.

“आणि कांदा?” मी विचारले.

ती थोडी थांबली. मग म्हणाली, “पप्पांचा दुपारी फोन आला होता. चारशेनं गेला.” चारशे म्हणजे क्विंटलला चारशे, किलोला चार रुपये. आणि पुस्तकावरचे बोट न हलवता तिने विचारले, “काका, पुस्तकात लिहिलंय की किंमत कमी झाली की मागणी वाढते. आपण या आठवड्यात कांदा जास्त आणला का?”

आम्ही त्या रविवारी दोन किलो कांदा आणला होता. त्याआधीच्या रविवारीही दोनच किलो. तिने प्रश्न कुत्सितपणे विचारला नव्हता, व्याख्या पडताळून पाहण्यासाठी विचारला होता. पण त्या प्रश्नाने मला जे सांगितले ते वीस वर्षांच्या नोकरीत आणि त्याआधीच्या वीस वर्षांच्या शेतकरी घरातल्या वास्तव्यात मला दिसले नव्हते. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. तरी त्या रात्रीपासून हा विषय माझ्या मागे लागला आहे.

*

पहिली गोष्ट उमगली ती अशी, की पुस्तकातली ही ‘कमी लवचीक मागणी’ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून मीच आहे. माझे घर चार माणसांचे. आठवड्याला दोन किलो कांदा लागतो. २०१९ च्या डिसेंबरात शहरात कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला तेव्हा आम्ही दोनऐवजी दीड किलो आणू लागलो. भजी बंद झाली, कोशिंबिरीत कांद्याच्या जागी मुळा आला, एवढेच. फोडणीतला कांदा काही सुटला नाही. आणि २०२३ मध्ये त्याच बाजारात तो मातीमोल झाला तेव्हा आम्ही दोनाचे अडीच किलो केले नाहीत. करून करणार काय? पोहे तेवढेच, आमटी तेवढीच, माणसाचे पोट तेवढेच. कापड स्वस्त झाले तर माणूस एक सदरा जास्त शिवतो, मोबाइल स्वस्त झाला तर जुना टाकून नवा घेतो. कांद्याचे तसे नाही. तो महाग झाला म्हणून सोडवत नाही, स्वस्त झाला म्हणून जास्त खाववत नाही.

उत्पन्न वाढल्यानेही फरक पडत नाही. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ सालीच दाखवून दिले होते, की कुटुंबाचे उत्पन्न जसजसे वाढते तसतसा त्यातला अन्नावर खर्च होणारा हिस्सा कमी होत जातो. माझ्यापुरता हा नियम मी पगारपत्रकावर तपासून पाहिला. सातव्या वेतन आयोगाने माझा पगार वाढला. त्या वाढीतून घराचा हप्ता फिटला, मुलाची शिकवणी लागली, दोन सहली झाल्या, पुस्तके आली. कांदा एकही वाढला नाही. देशाची भरभराट होते तेव्हा ती कांद्याच्या वावरापर्यंत का पोहोचत नाही, याचे निदान एक कारण माझ्या स्वयंपाकघरात होते.

*

ताठर मागणीचे गणित अगदी सोपे आहे आणि म्हणूनच ते पहिल्यांदा पाहताना विश्वास बसत नाही. समजा, एखाद्या मुलखात शंभर क्विंटल माल येतो आणि तो हजार रुपये क्विंटलने विकला जातो. शेतकऱ्यांच्या हाती एक लाख रुपये. पुढच्या वर्षी पाऊसपाणी उत्तम झाले, रोग पडला नाही, माल दहा टक्क्यांनी वाढून एकशेदहा क्विंटल झाला. खाणाऱ्यांची पोटे तेवढीच. हा जादा दहा क्विंटल माल कोणाच्या तरी गळी उतरवायचा तर भाव भरपूर खाली यावा लागतो. समजा तो सातशेवर आला. एकशेदहा गुणिले सातशे, म्हणजे सत्त्याहत्तर हजार. माल वाढला दहा टक्के, पैसे घटले तेवीस टक्के. उलट पीक दहा टक्क्यांनी कमी येऊन भाव तेराशे झाला असता, तर नव्वद क्विंटलचे एक लाख सतरा हजार आले असते.

ही माझी कल्पना नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गव्हाच्या भावाबद्दल असे एक कोष्टक मांडले गेले. चार्ल्स डॅव्हेनंटने ते १६९९ मध्ये छापले आणि सामान्यतः ते ग्रेगरी किंगच्या नावाने ओळखले जाते. पीक एक दशांशाने कमी आले तर भाव तीन दशांशाने चढतो, निम्मे पीक बुडाले तर नेहमीच्या भावावर आणखी साडेचारपट चढतो, असे ते कोष्टक सांगते. आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथातून ‘लवचिकता’ ही संकल्पना अर्थशास्त्रात रुजवली, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणजे शब्द नंतर आला. अनुभव शेतकऱ्यापाशी आधीपासून होता.

शिवाय शहरात भाव जितका उतरतो त्याच्या कितीतरी पट तो वावरात उतरतो. याचेही गणित आहे. शहरातला गिऱ्हाईक किलोला तीस रुपये मोजतो असे धरू. त्यातले वीस रुपये वाटेतले : गाडीभाडे, हमाली, गोणी, सडलेला माल, दुकानदाराचा नफा. शेतकऱ्याला उरतात दहा. आता शहरातला भाव तिसाचा चोवीस झाला, म्हणजे पाचवा हिस्सा उतरला. पण गाडीवाला भाडे कमी करत नाही, हमाल हमाली कमी करत नाही आणि त्यांनी ती करावी असे म्हणणेही अन्यायाचे आहे. वाटेतले वीस तसेच राहतात. शेतकऱ्याला उरतात चार. गिऱ्हाइकाला जी थोडीशी स्वस्ताई वाटली, ती वावरात पोहोचेपर्यंत दहाचे चार झालेली असते. मी मंडईत सहा रुपये वाचवतो ते कोणाचे, हे मला त्या वीस रुपयांच्या आड दिसत नाही.

*

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, २०२१ मध्ये गेले. त्यांच्या पेटीत काही कागदपत्रे होती. सातबारे, सोसायटीच्या पावत्या, आणि एका रबरात बांधलेल्या कांद्याच्या पट्ट्या. पट्टी म्हणजे व्यापाऱ्याने दिलेला हिशेबाचा चिटोरा. तारीख, वजन, भाव, रक्कम, वजा हमाली, वजा तोलाई, निव्वळ देणे. जुन्या पट्ट्यांवर आडतही वजा झालेली दिसते. २०१६ नंतर ती शेतकऱ्याकडून घेणे बंद झाले. आम्ही साहित्याचे लोक ‘संहिता’ हा शब्द फार सैलपणे वापरतो, म्हणून इथे टाळतो. पण एवढे खरे, की नानांच्या आयुष्याविषयी त्यांनी स्वतः मागे ठेवलेला लेखी मजकूर एवढाच आहे, आणि तो मी त्यांच्या हयातीत कधी वाचला नव्हता.

पुतणीच्या प्रश्नानंतर मी ते पुडके परत सोडले. त्यातल्या दोन पट्ट्या मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.

पहिली २०१८ च्या डिसेंबरातली. त्या वर्षी उन्हाळ कांदा उत्तम आला होता. नानांनी चाळ भरली होती. चाळीत कांदा चार-पाच महिने ठेवला की त्याचा तिसरा-चौथा हिस्सा वजन घटून, सडून, कोंब फुटून जातो. तरी पुढे भाव येईल या आशेवर शेतकरी तो ठेवतो. सगळ्यांनीच तो ठेवला होता. पुढे नवा लाल कांदा आला आणि जुन्याला कोणी विचारेना. पट्टीवर आहे : २८ क्विंटल ४० किलो, भाव १४०, रक्कम ३,९७६. हमाली-तोलाई वजा जाता ३,७६४. ट्रॅक्टरचे भाडे पट्टीवर नसते, ते पदरचे. याच महिन्यात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवल्याची बातमी देशभर गाजली होती. नानांनी कोणाला काही पाठवले नाही. त्यांनी पट्टी घडी घालून रबरात ठेवली.

दुसरी बरोबर एका वर्षानंतरची, २०१९ च्या डिसेंबरातली. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने उभा लाल कांदा वावरात कुजला होता. पट्टीवर आहे : ४ क्विंटल ६० किलो, भाव ६,१००, रक्कम २८,०६०. दीड एकरातून हाती लागलेला कांदा एवढाच.

या दोन कागदांवर ते सगळे पुस्तक मावते. आदल्या वर्षी सहापट माल नेला आणि सातवा हिस्सा पैसे आले. पण पुस्तक जे सांगत नाही तेही त्यांवर आहे. पीक घटले की शेतकऱ्यांना एकूण पैसे जास्त मिळतात, हे गणित ‘शेतकरी’ हे अनेकवचन धरून केलेले असते. त्या पैशांची वाटणी समान होत नाही. ज्याच्या वावरात पाणी साचले नाही त्याला दोन-तीन लाख मिळाले. ज्याचे सगळेच गेले त्याला तेजी फक्त पेपरात वाचायला मिळाली. नाना या दोघांच्या मध्ये कुठेतरी होते. अठ्ठावीस हजारांत त्या हंगामाचे बी, खत, मजुरी निघाली नसावी.

आता मला जे सांगायचे आहे ते मी बरीच वर्षे टाळले आहे. त्या डिसेंबरात आमच्या प्राध्यापक-कक्षात कांद्याचे विनोद रोज चालत. लग्नात आहेराला कांद्याची माळ, तिजोरीत कांदा, वगैरे. मीही त्यात होतो. त्याच सुमारास भावाचा फोन आला तेव्हा मी हसत म्हणालो, “काय, यंदा तुमची चांदी आहे!” तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, चांदी व्हायला कांदा लागतो.” आणि त्याने आईची चौकशी करायला तिला फोन द्यायला सांगितला. आई त्या वेळी माझ्याकडे होती. मी त्याच घरात, त्याच कांद्यावर वाढलेलो. माझे एमएचे शुल्क कांद्याच्या पट्टीतून भरलेले. तरी बाजारभाव शंभर म्हणजे भावाची चांदी, असे मी मानून बसलो होतो, कारण वावरात किती कांदा उरला हे विचारायचे मला सुचले नव्हते. पिकवणाऱ्याच्या बाजूने विचार करण्याची माझी सवय नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच सुटली असावी.

*

मग शेतकरी कांदा कमी का लावत नाहीत? हा प्रश्न शहरात हमखास विचारला जातो, आणि मीही भावाला तो विचारला. तो म्हणाला, “मी एकट्यानं वावर मोकळं ठेवलं तर भाव थोडाच वाढणार? भाव पडायचा तेवढा पडंलच. माझ्याकडं मात्र विकायला तेवढंही राहणार नाही.”

विचार केल्यावर लक्षात आले, की त्याने दोन वाक्यांत पाठ्यपुस्तकातला एक अवघड मुद्दा सांगितला होता. कांद्याची एकूण मागणी ताठर असते, पण एकेकट्या शेतकऱ्यासमोर बाजार अथांग असतो. त्याने एक ट्रॉली नेली काय किंवा दहा नेल्या काय, त्याच्या मालाने भाव हलत नाही. म्हणून प्रत्येकाला शहाणपण एकच सुचते : एकरी उतारा वाढवा, जास्त माल न्या. प्रत्येकाचे हे शहाणपण बरोबर असते आणि सगळ्यांचे मिळून ते चुकते. नवे बियाणे, ठिबक, वेळेवर फवारणी या सगळ्याने उतारा वाढतो. पहिल्या चार जणांना त्याचा लाभ होतो. मग सगळे तेच करतात, माल वाढतो, भाव उतरतो, आणि वाढलेला खर्च मात्र प्रत्येकाच्या डोक्यावर कायम राहतो.

त्यात उळे टाकायची वेळ आणि कांदा निघायची वेळ यांत महिन्यांचे अंतर. आज भाव चढा दिसला की सगळा मुलूख उळे टाकतो. तो कांदा एकदमच बाजारात येतो आणि भाव बसतो. भाव बसला म्हणून पुढे लागवड घटते, मग भाव चढतो. या फेऱ्याला अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात, कारण आलेखावर काढल्यावर तो तसा दिसतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही उपमा जरा वेगळी वाटते. जाळे विणणारा कोळी त्यात अडकत नाही, हा मात्र रोज विणतो आणि रोज अडकतो.

मागणी ताठर असेल तर तिला वाटा अधिक हव्यात. देशात सर्वाधिक कांदा महाराष्ट्रात पिकतो आणि परदेशी गिऱ्हाईक ही त्याची एक मोठी वाट आहे. पण शहरात भाव चढू लागला की पहिली बंद होते ती हीच. २०२३ च्या ऑगस्टात कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात, अटी घालून, उघडली. शुल्क पूर्णपणे निघाले १ एप्रिल २०२५ ला. तोवर बाहेरच्या गिऱ्हाइकांनी दुसरी दुकाने पाहून ठेवली होती. भाव चढल्यावर सरकार ज्या तत्परतेने हलते, त्या तत्परतेने ते भाव पडल्यावर हलत नाही. पडल्यावर अनुदान येते. २०१८ च्या पडझडीत क्विंटलला दोनशे, २०२३ मध्ये साडेतीनशे, दोन्ही वेळा दोनशे क्विंटलच्या मर्यादेत, अर्ज आणि पट्ट्या जोडून. नानांनी पट्ट्या जपून ठेवल्या होत्या त्याचे एक कारण हेही असेल.

यातला एक विरोधाभास मला माझ्या पगारपत्रकावरच सापडला. मला महागाई भत्ता मिळतो. तो ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, त्याच्या टोपलीत भाजीपाला आहे आणि भाजीपाल्यात कांदा आहे. म्हणजे कांदा महागला की, थोड्या उशिराने का होईना, माझ्या पगारात त्याची भरपाई होते. कांदा स्वस्त झाला म्हणून माझा मिळत असलेला भत्ता कधी कमी झाल्याचे मला आठवत नाही. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या दोघा भावांपैकी जो कांदा खातो त्याला कांद्याच्या भावापासून संरक्षण आहे. जो पिकवतो त्याला नाही.

*

हे सगळे वाचताना-तपासताना माझी वाट फिरून शेवटी माझ्याच विषयाशी आली.

मराठीत ‘महागाई’ हा शब्द वाईट आहे आणि ‘स्वस्ताई’ हा शब्द चांगला. म्हातारी माणसे ‘आमच्या वेळची स्वस्ताई’ म्हणून उसासा सोडतात. पण हे दोन्ही शब्द घेणाऱ्याचे आहेत. त्याच घटनेला व्यापारी ‘तेजी’ आणि ‘मंदी’ म्हणतो, ते विकणाऱ्याचे. पिकवणाऱ्याचा शब्द कोणता? नाना काय म्हणत ते मी आठवून पाहिले. ते बाजारातून आले की आई दारातून विचारायची आणि ते म्हणायचे, “भाव नाही.” कमी आहे असेही नाही. नाहीच. वीस-पंचवीस वर्षे हे दोन शब्द मी ऐकले आणि त्यांतले दुसरे काही मला ऐकू आले नाही.

वर्तमानपत्राची भाषा तर सरळ स्वयंपाकघरातून येते. कांदा चढला की तो ‘रडवतो’, ‘डोळ्यांत पाणी आणतो’, त्याचे भाव ‘भडकतात’ किंवा ‘कडाडतात’. उतरला की ‘गृहिणींना दिलासा’. डोळे कोणाचे आणि दिलासा कोणाला, हे सांगावे लागत नाही इतके ते गृहीत आहे. शेतकऱ्याने कांदा रस्त्यावर ओतला तरच त्याच्या बाजूचे वाक्य छापून येते, आणि त्यातही ‘संतप्त’ हे विशेषण ठरलेले.

आमचे साहित्य याला अपवाद आहे असे मी समजत होतो. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पूर्ण केला तेव्हापासून मराठी गद्यात कुणबी आहे. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मी स्वतः शिकवली आहे. तरीही मला असे वाटते, की आमच्या ग्रामीण साहित्याची, निदान त्याच्या अध्यापनाची, सवय दुष्काळाची आहे. ‘बनगरवाडी’च्या अखेरीस दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते, ते शिकवताना वर्ग आपोआप शांत होतो. भेगाळलेली भुई, आभाळाकडे लागलेले डोळे, उपाशी जनावरे यांसाठी आमच्याकडे प्रतिमांची कोठारे आहेत. पण भरलेल्या चाळीपुढे बसलेला माणूस? पाऊस हवा तसा पडला, वावर भरून आले, आणि तो त्यामुळेच बुडाला, याची प्रतिमा काय असते? दुष्काळाचा दोष आभाळाला देता येतो. सुकाळात बुडालेल्याला दोष द्यायला आभाळही उरत नाही, आणि दुःख सांगायला गेले तर ऐकणारा म्हणतो, पीक तर चांगले आले ना?

शब्द अगदीच नव्हते असे नाही. ‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आपण सगळे वापरतो, पण ती बहुधा गावातल्या कलावंताला गावात मान नाही अशा अर्थाने. मीही सत्काराच्या भाषणांत ती तशीच वापरली आहे. ती मुळात कांद्याइतक्या साध्या वस्तूविषयी असू शकते हे विसरून गेलो होतो. आणि जे साहित्याने नीट मांडले नाही ते चळवळीने मांडले. शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून सुरुवात करून शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा प्रश्न पावसाचा किंवा आळसाचा नसून भावाचा आहे, हे निरक्षर माणसालाही पटेल अशा मराठीत सांगितले. १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन झाले तेव्हा नाना रस्त्यावर बसले होते, असे आई सांगे. मी तेव्हा वर्षाचाही नव्हतो. पुढे मी मराठी घेऊन एमए केले, पण मराठी गद्याचा अभ्यास करताना ती भाषणे आम्हाला कोणी वाचायला सांगितली नाहीत, आणि आजवर मीही कोणाला सांगितलेली नाहीत.

गेल्या वर्षी एका तासाला मी नानांच्या त्या दोन पट्ट्या वर्गात नेल्या. एम.ए.चा वर्ग, बारा विद्यार्थी. फळ्यावर दोन्ही पट्ट्या उतरवल्या आणि विचारले, यातले कोणते वर्ष चांगले? शहरातली मुले गोंधळली. मागच्या बाकावरचा, एरवी न बोलणारा, येवल्याकडचा एक मुलगा म्हणाला, “सर, एकही नाही.” मग त्याने उठून ‘तोलाई’ म्हणजे काय ते इतरांना समजावून सांगितले. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा ओतल्यावर त्यातला बारीक माल कसा बाजूला काढतात, ते सांगितले. त्या तासाला मी फारसे काही शिकवले नाही.

*

मी आजही आठवड्याला दोनच किलो कांदा आणतो. त्याने भावाचे काही भले होत नाही आणि चार किलो आणूनही होणार नाही, कारण माझ्या एकट्याच्या जास्तीच्या दोन किलोंनी बाजार हलत नाही. हे त्याचेच वाक्य आता मला उलट्या बाजूने लागू पडते. आम्ही दोघेही एकेकटे आहोत. फरक इतकाच, की त्या एकटेपणाची किंमत त्याला मोजावी लागते.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. पूर्वी भावाचा फोन येऊन तो म्हणाला, की यंदा कांदा चांगला दिसतो, तर मी म्हणत असे, “वा, छान.” मला ते मनापासूनच वाटे. परवा त्याचा फोन आला. रोपे जोमदार आहेत, थंडी चांगली पडली आहे, म्हणाला. मी जरा थांबलो आणि विचारले, “आजूबाजूला उळं किती टाकलंय सगळ्यांनी?”

पलीकडे तो हसला. नाना गेल्यानंतर इतके मोकळे हसलेला मी त्याला ऐकले नव्हते. म्हणाला, “पुष्कळ टाकलंय, दादा. सगळ्यांनीच टाकलंय.” आणि मग बराच वेळ, पहिल्यांदाच, तो मला भावाबद्दल सांगत राहिला.